पाटी आणि सातबारा

(पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी ‘स्थलनामांचे राजकारण’ हा विषय ठरला, तेव्हा आपल्यापैकी काहींना तो फुटकळ वाटला असेल. महागाई, बेकारी, कंत्राटी कामगारांची पिळवणूक, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचे अडलेले भूखंड असे प्रश्न दारात उभे असताना रस्त्याच्या पाट्यांवर तासभर खर्च करावा काय, असे एका ज्येष्ठ साथीने मला निरोप पाठवून विचारलेही. त्यांचा आक्षेप मी हलका समजत नाही. तरीही विषय टाळला नाही, याचे कारण आपल्याच घरातले आहे.

गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत अशी सूचना आली की, इतर पक्ष चौकाचौकांना आपापल्या पुढाऱ्यांची नावे देत सुटले आहेत. मग आपणच मागे का राहावे? जुन्या पनवेलमधील एखाद्या आळीला आपल्या दिवंगत नेत्याचे नाव द्यावे, म्हणून महापालिकेकडे अर्ज करावा. सूचना मांडणारा कार्यकर्ता तरुण होता, निष्ठावान होता, आणि त्याच्या बोलण्यात कळकळ होती. बैठकीत तात्काळ दोन तट पडले. एक म्हणे, नाव दिलेच पाहिजे. दुसरा म्हणे, नावांचा हा खेळ सत्ताधाऱ्यांना लखलाभ असो. आपण भाकरीचे बोलावे. निर्णय न होताच बैठक उठली. आज मी जे बोलणार आहे, ते त्या अपुऱ्या राहिलेल्या चर्चेचे पुढचे पाऊल समजावे.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. राज्य बदलले की नावे बदलतात. हा काही आपल्याकडचाच खुळा छंद नव्हे. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९२ साली, पॅरिसमधील पंधराव्या लुईच्या चौकाला क्रांतीचे नाव मिळाले. तीनच वर्षांनी, १७९५ साली, तोच चौक सलोख्याचा चौक झाला. रशियातील सेंट पीटर्सबर्गचे १९१४ साली पेट्रोग्राड झाले, १९२४ साली लेनिनग्राड झाले आणि १९९१ साली पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले. व्होल्गाकाठच्या त्सारित्सिन नगराला १९२५ साली स्टालिनचे नाव देण्यात आले. ते देताना स्टालिन हयात होता, नुसता हयात नव्हे तर सत्तेच्या शिखराकडे निघालेला होता. त्याच नावाच्या शहरात पुढे फॅसिझमचा कणा मोडला आणि जगभरच्या श्रमिकांनी ते नाव डोक्यावर घेतले. १९६१ साली ते नाव पुसले गेले आणि शहर व्होल्गोग्राड झाले. ज्या सैनिकांनी आणि नागरिकांनी त्या शहरातील घर अन् घर लढवले, त्यांचे मात्र नाव ना पहिल्या पाटीवर होते, ना दुसऱ्या.

हे उदाहरण मी मुद्दाम आपल्या बाजूचे घेतले. समाजवादाच्या नावाने चाललेल्या राजवटींनीही पाट्यांचा मोह आवरला नाही, आणि त्याचे फळ त्यांना मिळाले. माणसाच्या नावाने उभारलेली पाटी त्या माणसाच्या पडझडीबरोबर पडते, आणि पडताना लोकांच्या पराक्रमाची आठवणही ओढून नेते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर मुंबईत एस्प्लनेड रोडचा महात्मा गांधी मार्ग झाला, हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला, क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे मार्ग झाला. हे योग्यच झाले. परकीय गव्हर्नरांच्या आणि राणीच्या नावाने ज्या रस्त्यांवरून आपण चालत होतो, त्या रस्त्यांना स्वतंत्र देशाने आपल्या माणसांची नावे द्यावीत यात कोणाचा उपमर्द नव्हता. सत्तेवरून गेलेला साम्राज्यवाद हा काही आपला शेजारी नव्हता. त्याचे नाव काढल्याने आपल्या गल्लीतले कोणी परके ठरले नाही.

पण त्या काळातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे नामांतर वेगळेच आहे. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पोलिसांच्या गोळ्यांनी जे पडले, त्यांची ती स्मृती. १०५ हुतात्मे म्हणून आपण त्यांना ओळखतो. तेथे जे स्मारक उभे आहे, त्यात मशाल धरलेले दोघे आहेत : एक शेतकरी आणि एक कामगार. चौकाला कोणा मुख्यमंत्र्याचे, कोणा पक्षाध्यक्षाचे नाव नाही. चळवळीत मोठमोठे नेते होते, त्यांची नावे सुचली नसतील असे नाही. तरी नाव मिळाले ते मरणाऱ्यांच्या समूहाला. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, सरकारे आली आणि गेली, पण ते नाव बदलावे असे म्हणण्याची छाती कोणाला झाली नाही. जे नाव लोकांनी रक्ताने कमावले, त्याला राजपत्राचा आधार लागत नाही.

याउलट दुसरे उदाहरण घ्या. काळा घोडा. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. राजा गेला, घोडा गेला, पण लोकांच्या तोंडचे नाव गेले नाही. अखेर २०१७ साली त्या जागी एक नवा घोडा उभा राहिला, तोही स्वाराविना! लोकांनी राजाला कधी मोजलेच नव्हते. त्यांना फक्त घोडा दिसत होता. सत्तेने लावलेली नावे आणि लोकांच्या जिभेवरची नावे यांतले अंतर याहून चांगले कोण दाखवील?

तिसरे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. लोअर परळच्या डिलाईल रोडला ना. म. जोशी यांचे नाव आहे. ना. म. जोशी हे आपल्याच जिल्ह्यातील गोरेगावचे. भारतीय कामगार चळवळीचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. १९२० साली देशव्यापी ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्यांच्या नावाचा रस्ता गिरणगावाच्या काळजातून जातो, हे किती उचित! पण १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले. आज त्या रस्त्याच्या आजूबाजूला काचेचे मनोरे आणि बाजारमहाल उभे आहेत. पाटीवर कामगारांचा नेता, आणि पाटीखाली कामगारांना जागा नाही. आपल्या आजीबाई म्हणत, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. एखाद्या नेत्याचे नाव रस्त्याला देऊन त्याच्या कार्याला त्याच रस्त्यावर मूठमाती देता येते, हा धडा आपण विसरू नये.

येथे आपला दुसरा तट म्हणेल, ‘हेच तर आम्ही सांगत होतो! नावात काही नाही, भाकरीचे बोला.’ त्या साथींना मी मराठवाड्याची आठवण देतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झाले? दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली, वस्त्या उठल्या. ज्यांना विद्यापीठाची पायरी कधी चढायची नव्हती, अशांनीही नावापायी शेजाऱ्याच्या झोपडीला चूड लावली. नावात काही नव्हते, तर एवढा द्वेष कशासाठी उफाळला? कारण सरळ आहे. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांचा माणूस ज्ञानमंदिराच्या दारावर लागणे म्हणजे गावाच्या उतरंडीला धक्का होता. हे धक्का देणाऱ्यालाही कळत होते आणि तो सोसणाऱ्यालाही. सोळा वर्षे मोर्चे निघाले, तुरुंग भरले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या लढ्यात समाजवादी चळवळीतली असंख्य माणसे स्वतःच्या जातभाईंचा रोष पत्करून उभी राहिली. त्यांना नाव ही फुटकळ बाब वाटली नाही.

तेव्हा नावाचा प्रश्न क्षुल्लक आहे हेही खरे नाही, आणि प्रत्येक नामांतर क्रांतिकारक आहे हेही खरे नाही. प्रश्न असा की, बरे-वाईट ओळखण्याची कसोटी कोणती?

माझ्या मते पहिली कसोटी ही : नाव कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर काढते? अलीकडच्या वर्षांत औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, ते २०२३ साली. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. संभाजीराजांचे बलिदान आणि अहिल्यादेवींचा लोकाभिमुख कारभार यांविषयी महाराष्ट्रात दुमत असण्याचे कारण नाही. आपल्यालाही त्यांचा अभिमान आहे. पण नाव देताना सभांतून जी भाषा वापरली गेली, तिच्यात गौरवाचा भाग किती होता आणि शेजाऱ्याला खाली पाहायला लावण्याचा भाग किती होता, हे ज्याने त्याने मनाशी तपासावे. थोर पुरुषाचे नाव दुसऱ्याच्या अंगणात दगड म्हणून फेकणे हा त्या थोर पुरुषाचाही अपमान आहे. आणि आणखी एक पाहा. त्या शहराचे मूळ गाव खडकी. तेथे नगर वसवले ते मलिक अंबरने. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने जमीनमहसुलाची घडी बसवली आणि नहरीचे पाणी शहरात खेळवले. गुलामगिरीतून वर आलेल्या, लोकांना पाणी देणाऱ्या त्या माणसाची आठवण खडकीच्या पाटीत नव्हती, औरंगाबादच्या पाटीत नव्हती आणि आजच्या पाटीतही नाही. राजांच्या नावांच्या भांडणात पाणी देणारा नेहमी बाहेरच राहतो.

दुसरी कसोटी : नावाची मागणी कोठून आली? खालून, चळवळीतून, की वरून, दरबारातून? याचे उत्तर द्यायला आपल्याला दूर जावे लागत नाही. आपला जिल्हा पूर्वी कुलाबा होता. १ जानेवारी १९८१ पासून तो रायगड झाला. शिवछत्रपतींच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला मिळाले, याचा आपल्याला आनंदच आहे. पण लोकसभेचा मतदारसंघ पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ कुलाबाच राहिला. लोकांचे त्यावाचून काही अडले नाही. दि. बा. पाटील १९७७ साली आणि पुन्हा १९८४ साली लोकसभेत गेले ते कुलाब्याचे खासदार म्हणूनच. मधल्या काळात जिल्ह्याची पाटी बदलली होती. बदलले नव्हते ते एकच : सातबाऱ्यावरून शेतकऱ्याचे नाव कमी होण्याचा क्रम.

मित्रहो, आता खऱ्या गोष्टीकडे आलो. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नवे शहर वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन त्या नियोजनाखाली आली. मी याला आपल्या भागातले सर्वांत मोठे नामांतर म्हणतो. कारण पाटीवरचे नाव बदलण्याआधी येथे सातबाऱ्यावरचे नाव बदलले. ज्या खाजणाला, ज्या बांधाला, ज्या मिठागराला पिढ्यान्‌पिढ्या एकेक नाव होते, तेथे सेक्टर आले. खारघर, कामोठे, कळंबोली ही गावांची नावे उपनगरांना राहिली खरी. पण त्यांच्या पोटात नुसते आकडे आहेत. सेक्टर अमुक, भूखंड तमुक. आकड्याला आठवण नसते, आणि म्हणूनच नियोजनकाराला आकडा प्रिय असतो. सेक्टर बाराचा मूळ मालक कोण, असा प्रश्न आकडा कधी विचारू देत नाही.

त्या जमिनीचा न्याय्य मोबदला मागण्यासाठी लोक उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी धारातीर्थी पडले. त्या रक्तातून विकसित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले आणि सरकारला ते मान्य करावे लागले. पुढे देशभरच्या विस्थापितांना त्या तत्त्वाचा दाखला देता आला. त्या लढ्याचे नेतृत्व जासईच्या दि. बा. पाटलांनी केले. शेतकरी कामगार पक्षाचे ते नेते, पनवेलमधून पाच वेळा विधानसभेत गेलेले. २४ जून २०१३ रोजी ते गेले.

त्यानंतर विमानतळ आला. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी अशी दहा गावे त्यासाठी उठली. २०२१ साली त्या विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव सिडकोने केला, तेव्हा भूमिपुत्रांनी दि. बां.चे नाव पुढे केले. १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली. २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, हजारो लोक सिडको भवनाला घेरण्यासाठी निघाले. साथीचे दिवस होते, तरी लोक आले. पुढे २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाचा निर्णय घेतला आणि विधिमंडळाने केंद्राकडे शिफारस केली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हाही ते नाव अधिकृतपणे लागलेले नव्हते.

या मागणीला आपला पाठिंबा का होता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ही मागणी एखाद्या पुढाऱ्याच्या कुटुंबाची नव्हती आणि कोणा मोठ्या नेत्याचा अवमान करण्याचीही नव्हती. ज्यांच्या शेतावर धावपट्टी झाली, ते म्हणत होते की, येथे आमचे घर होते याची एक खूण तरी ठेवा. ही मागणी खालून आलेली आहे आणि ती कोणाला बाहेर काढत नाही. म्हणून ती दोन्ही कसोट्यांना उतरते.

पण येथे तिसरी कसोटी पुढे येते, आणि ती सर्वांत कठीण आहे. नावाबरोबर हक्क येतो काय? विमानतळावर दि. बां.चे नाव झळकेल, आणि त्याच वेळी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी कोणा म्हाताऱ्या शेतकऱ्याचा वारस कचेरीचे उंबरठे झिजवत असेल, तर ते नाव दि. बां.चे असले तरी काम दि. बां.चे नव्हे. मूळ गावठाणातील वाढीव घरे नियमित होण्याची वाट पाहणारी कुटुंबे आहेत. विमानतळावर स्थानिक तरुणांना झाडू आणि हातगाडीपलीकडचे काम मिळेल काय, हा प्रश्न आहे. सत्ताधाऱ्यांना नाव देणे स्वस्त पडते. भूखंड देणे महाग पडते. स्वस्त ते देऊन महाग ते टाळण्याची ही युक्ती जुनी आहे. नावाचा स्वीकार जरूर करावा, पण पावती म्हणून करू नये. पावती दिली की हिशेब मिटतो.

या तिन्ही कसोट्या लावून आता आपल्या पनवेलकडे पाहू. १८५२ साली येथे नगरपालिका झाली, आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. या जुन्या गावाची नावे ऐका : लाइन आळी, मिरची गल्ली, टपाल नाका, कोळीवाडा, पटेल मोहल्ला, वडाळे तलाव, देवाळे तलाव, कृष्णाळे तलाव, इस्रायल तलाव. या नावांत कोणी राजा नाही, कोणी मंत्री नाही. त्यांत व्यापार आहे, मासेमारी आहे, टपाल आहे. बेने इस्रायली बांधव येथे किती पिढ्या नांदले, हे एका तलावाच्या नावात सामावले आहे. त्यांच्यातील बहुतेक दूर निघून गेले, तरी गावाने त्यांचे नाव पुसले नाही. कोणत्याही सरकारी समितीने न लिहिलेला हा पनवेलचा इतिहास आहे. तो लोकांनी तोंडातोंडी लिहिला. या आळ्यांपैकी एकीलाही नवे नाव देण्याचा अर्ज आपण करू नये, मग ते नाव आपल्या कितीही पूज्य नेत्याचे असो. उद्या दुसरा कोणी मोहल्ल्याचे नाव खुपते म्हणून पुढे आला, तर त्याला अडवण्याचा नैतिक अधिकार आपण आजच गमावून बसू.

मग सगळीच जुनी नावे राखायची काय? नाही. जी नावे माणसाला खाली दाखवतात, ती गेलीच पाहिजेत. वस्त्यांना लागलेली महारवाडा, मांगवाडा यांसारखी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तो निर्णय चांगला होता. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवण्यात आली. ज्या मुलाला शाळेच्या दाखल्यावर पत्ता लिहिताना जात लिहावी लागते, त्याला ‘परंपरा जपा’ असे सांगणे निर्लज्जपणाचे आहे. पण येथेही तिसरी कसोटी विसरू नका. वस्तीचे समतानगर झाले, आणि पाण्याचा नळ पूर्वीइतकाच दूर राहिला, स्मशानाची वाट पूर्वीसारखीच वेगळी राहिली, तर विषमतेला एक सुंदर नाव मिळाले एवढाच त्याचा अर्थ. आणि नवे नाव कलेक्टर कचेरीने ठरवून पाठवू नये. वस्तीच्या सभेत, स्त्रियांसह, ते ठरावे.

आता त्या तरुण साथीच्या सूचनेकडे येतो. डॉ. राममनोहर लोहियांचे मत आपल्याला ठाऊक आहे. माणूस गेल्यावर तीनशे वर्षे लोटल्याखेरीज त्याचा पुतळा उभारू नये, असे ते म्हणत. काळाच्या चाळणीतून जे नाव टिकेल, तेच खरे. दैवाची गंमत अशी की, दिल्लीच्या ज्या विलिंग्डन रुग्णालयात १९६७ साली त्यांचे निधन झाले, त्याच रुग्णालयाला पुढे त्यांचे नाव मिळाले. कोणी म्हणेल, मग आंबेडकरांचे नाव बावीस वर्षांत का मागितले, दि. बां.चे आठ वर्षांत का मागितले? उत्तर असे की, लोहियांचे तीनशे वर्षांचे बंधन हे ज्यांना कधी वाट पाहावी लागली नाही, त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या पूर्वजांना हजार वर्षे इतिहासात शिरूच दिले नाही, ज्यांची गावेच नकाशावरून गेली, त्यांची प्रतीक्षा आधीच भरून झाली आहे. आपल्या पक्षाच्या पुढाऱ्याला मात्र ही सवलत आपण आपल्या हाताने घेऊ नये.

लोहियांच्याच आयुष्यातले एक उदाहरण मला मार्गदर्शक वाटते. १८ जून १९४६ रोजी मडगावात त्यांनी पोर्तुगीज मनाई मोडून सभा घेतली आणि गोव्याच्या मुक्तिलढ्याला तोंड फुटले. मडगावात त्या जागी लोहिया मैदान आहे. पण पणजीतल्या एका मोठ्या रस्त्याचे नाव काय? १८ जून रस्ता. पाटीवर व्यक्ती नाही, दिवस आहे. आणि तो दिवस सभेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचा आहे. बाजारहाटाला आलेले पोरही विचारते, त्या दिवशी काय झाले होते?

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. जुन्या आळीच्या नामांतराचा विचार आपण सोडून द्यावा. त्याऐवजी सेक्टरांमधील निनावी रस्ते, उद्याने आणि चौक यांच्यासाठी मागणी करावी. एका रस्त्याला १६ जानेवारी, दुसऱ्याला १७ जानेवारी हे नाव मागावे. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबाराला तोंड देणाऱ्या शेतकऱ्यांसाठी २५ सप्टेंबर १९३० ही तारीख एखाद्या चौकाला मागावी. शिरढोणच्या वासुदेव बळवंतांचे नाव आपल्या नाट्यगृहाला आहेच. त्यांच्यासोबत लढलेल्या रामोश्यांची आठवण एखाद्या रस्त्याला असू द्या. उठलेल्या दहा गावांची नावे नव्या वसाहतीतल्या रस्त्यांना मिळावीत. जेथे शेतांची, खाजणांची नावे म्हाताऱ्यांना अजून आठवतात, तेथे ती लिहून घ्यावीत. हे काम अर्जाने होणार नाही. वही घेऊन दारोदार जावे लागेल. आणि दारात गेलात की म्हातारी नाव सांगण्याआधी भूखंडाचे कागद पुढे टाकील. ते कागदही वाचा. दोन कामे वेगळी नाहीत.

याचबरोबर एक आग्रह धरावा. कोणतेही नामकरण हरकती मागवून, उघड सभागृहात चर्चा होऊनच व्हावे. २०२२ च्या जुलैत आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. लोकांनी निवडलेले सभागृह नसताना गावाची ओळख बदलण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला असू नये, ही भूमिका आपण लेखी नोंदवून ठेवावी.

त्या तरुण साथीला मी शेवटी एवढेच म्हणेन की, नेत्यावरचे तुमचे प्रेम खरे आहे आणि ते वाया जाऊ नये असे मलाही वाटते. आपला नेता हयात असता तर त्याने पहिल्यांदा काय विचारले असते, याचा विचार करा. ‘माझ्या नावाची पाटी कोठे लागली?’ असे त्याने विचारले नसते. त्याने विचारले असते, ‘त्या आळीतल्या कोणाचे नाव सातबाऱ्यावरून गेले, आणि ते परत लावायला तुम्ही काय केले?’

या प्रश्नाचे उत्तर पुढच्या बैठकीला वहीत लिहून आणावे, अशी माझी सर्वांना विनंती आहे.